स्लाइस कुठपर्यंत? ५जी नेटवर्कच्या तुकड्यांचा भूगोल

६ मे २०२३. लंडनमध्ये राजे चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक. रस्त्यावर अफाट गर्दी, प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येकाला तो क्षण तिथल्या तिथे कुणालातरी पाठवायचा होता. अशा ठिकाणी मोबाईल नेटवर्कचं काय होतं, हे गणपती विसर्जनाला लक्ष्मी रोडवर किंवा लालबागला उभ्या राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. रेंजच्या कांड्या पूर्ण, पण मेसेज जाता जात नाही. त्याच गर्दीतून आयटीएन या ब्रिटिश वृत्तसंस्थेला कॅमेऱ्याची दृश्यं थेट स्टुडिओत पाठवायची होती. त्यासाठी व्होडाफोनने त्यांना आपल्या ५जी नेटवर्कची एक वेगळी 'स्लाइस' राखून दिली.

नेटवर्क स्लाइसिंगची बातमी आली की अशी उदाहरणं असतात आणि सगळा भर 'किती' यावर असतो. वेग किती, विलंब किती, हिस्सा किती. मला यात जास्त महत्त्वाचा वाटणारा प्रश्न साधा आहे: कुठे? ती स्लाइस त्या दिवशी लंडनच्या त्या भागात हवी होती. स्कॉटलंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या टॉवरवर तिचा काडीचा उपयोग नव्हता. मग स्लाइस कुठे सुरू होते, कुठे संपते, हे कोण ठरवतं? आणि तुम्ही ती हद्द ओलांडली की तुमच्या चालू कामाचं काय होतं? आजचा लेख याबद्दल आहे.

स्लाइस म्हणजे नेमकं काय

एकच रस्ता आहे, त्यावर बस, ट्रक, दुचाकी, रुग्णवाहिका सगळंच धावतंय. बसला वेगळी मार्गिका आखून दिली तर रस्ता तोच राहतो, पण बस गर्दीत अडकत नाही. स्लाइस साधारण अशीच. टॉवर तेच, केबल त्याच, सर्व्हर तेच. पण त्यातला काही भाग एका विशिष्ट सेवेसाठी, ठरलेल्या नियमांनी चालवायचा.

मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने ५जीच्या पहिल्या आवृत्तीतच, म्हणजे २०१८ च्या रिलीज १५ मध्ये, ही सोय आणली. प्रत्येक स्लाइसला एक ओळख क्रमांक असतो. त्यातले पहिले ८ बिट स्लाइसचा प्रकार सांगतात: १ म्हणजे नेहमीचं वेगवान इंटरनेट, २ म्हणजे अत्यंत भरवशाची आणि कमी विलंबाची सेवा, ३ म्हणजे मीटर-सेन्सरसारखी असंख्य छोटी उपकरणं. पुढचे २४ बिट हवे असतील तर एकाच प्रकारातल्या दोन ग्राहकांना वेगळं ओळखण्यासाठी वापरायचे. एकूण ३२ बिट.

या ३२ बिटांत 'कोणती सेवा' आणि 'कुणाची' याला जागा आहे. 'कुठे' याला एक बिटही नाही. ठिकाण स्लाइसच्या नावात नाही, ते बाहेरून जोडावं लागतं. ज्या गोष्टीला ते जोडलं गेलं ती मुळात वेगळ्याच कामासाठी आखलेली होती, आणि सगळी भानगड तिथून सुरू होते.

ट्रॅकिंग एरिया: फोन शोधण्यासाठी आखलेल्या हद्दी

तुमचा फोन खिशात गप्प पडलेला असतो तेव्हा तो नेमका कोणत्या टॉवरखाली आहे हे नेटवर्कला माहीत नसतं. प्रत्येक टॉवर बदलताना फोनने कळवायचं ठरवलं तर बॅटरीही संपेल आणि नेटवर्कही निरोपांनी भरून जाईल. म्हणून अनेक सेल मिळून एक 'ट्रॅकिंग एरिया' करतात. (सेल म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाची व्याप्ती, एका टॉवरवर बहुधा तीन सेल असतात.) असे एक किंवा अनेक ट्रॅकिंग एरिया मिळून फोनला एक 'नोंदणी क्षेत्र' दिलं जातं. या क्षेत्रात कुठेही फिरा, कळवायची गरज नाही. बाहेर पडलात की कळवा. कॉल आला की नेटवर्क या क्षेत्रातल्या सेलमधून हाळी देतं आणि फोन 'मी इथे आहे' म्हणतो.

म्हणजे ही विभागणी पोस्टाच्या पिनकोडसारखी आहे. पत्र पोचावं यासाठी आखलेली. कुठल्या घराला कोणती सेवा मिळावी याचा तिच्याशी मुळात काही संबंध नाही.

रिलीज १५ ने स्लाइसचं ठिकाण या पिनकोडला जोडलं. दोन नियम झाले. पहिला: एका ट्रॅकिंग एरियात स्लाइस असेल तर ती त्यातल्या सगळ्या सेलमध्ये असली पाहिजे. दुसरा: फोनला ज्या स्लाइस मंजूर होतील, त्या त्याच्या पूर्ण नोंदणी क्षेत्रात उपलब्ध हव्यात. नियम सुटसुटीत आहेत. फोनला आणि नेटवर्कला वेगळी बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. पण जमिनीवर काय होतं ते बघा.

एक काल्पनिक करार

समजा, उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलला यार्डातल्या क्रेन दुरून, नियंत्रण कक्षात बसून चालवायच्या आहेत. चालकाला क्रेनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र क्षणात दिसलं पाहिजे, त्याने खटका दाबला की क्रेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. कंपनी स्लाइस विकत घेते. करारात एक नकाशा जोडलेला असतो आणि त्यावर लाल रेघ: या हद्दीत सेवा मिळेल. (जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या संघटनेने अशा करारांसाठी स्लाइसच्या गुणधर्मांचा एक तक्ता केला आहे, त्यात 'सेवाक्षेत्र' हा स्वतंत्र रकाना आहे.)

आता माझे आकडे धरून चला, ते फक्त समजण्यासाठी आहेत. यार्डावर ९ सेल आहेत, पण तिथला ट्रॅकिंग एरिया ६० सेलचा. त्यात यार्ड, रस्ता, बाजार, शाळा, वस्ती सगळं आलं.

पहिला मार्ग: सगळ्या ६० सेलमध्ये स्लाइस द्या. १०० मेगाहर्ट्झच्या ५जी वाहिनीत, भारतात वापरात असलेल्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या नेहमीच्या रचनेत, वाटपासाठी २७३ 'ब्लॉक' असतात आणि त्यांचं वाटप दर अर्ध्या मिलिसेकंदाला होऊ शकतं. क्रेनसाठी २० टक्के राखून ठेवले तर साधारण ५५ ब्लॉक गेले. यार्डातल्या ९ सेलमध्ये ते सत्कारणी लागतील. उरलेल्या ५१ सेलमध्ये, जिथे एकही क्रेन नाही, तिथेही पाचवा हिस्सा कुलपात. संध्याकाळी बाजारात कुणाचा यूपीआय व्यवहार गोल गोल फिरत राहील आणि शेजारी ५५ ब्लॉक रिकामे बसलेले असतील.

राखून ठेवण्याच्या तीन तऱ्हा आहेत, हे इथे सांगायला हवं. 'समर्पित' हिस्सा म्हणजे वापरा अथवा नका वापरू, दुसऱ्याला मिळणार नाही. 'किमान' हिस्सा म्हणजे मागितला की मिळणारच, पण तोवर इतरांनी वापरायला हरकत नाही. 'कमाल' म्हणजे याच्या वर जायचं नाही. साध्या सेवेला किमान हमी पुरते. पण क्रेन थांबवण्याच्या आज्ञेसारख्या कामात ग्राहक समर्पित हिस्साच मागतो, आणि मग त्याची खरी किंमत किती सेलमध्ये पसरवता यावर ठरते.

दुसरा मार्ग: यार्डाच्या ९ सेलचा नवा ट्रॅकिंग एरिया करा. हिस्सा वाया जाणं थांबलं. पण यार्डातून कंटेनर घेऊन बाहेर पडणारा ट्रक बघा. त्यातल्या उपकरणाला ही स्लाइस मंजूर आहे. बाहेरच्या एरियात ती नाही, म्हणून दुसऱ्या नियमाप्रमाणे दोन्ही एरिया त्याच्या एकाच नोंदणी क्षेत्रात बसत नाहीत. गेटमधून बाहेर: नवी नोंदणी. आत: पुन्हा नोंदणी. आणि गेटवरच्या रांगेत उभा असलेला ट्रक, जिथे दोन्ही बाजूंचा सिग्नल सारखाच? तो जागेवर उभा राहूनही हद्दीच्या आत-बाहेर होत राहतो. शिवाय उद्या शेजारच्या गोदामाने आणि परवा रेल्वे यार्डाने आपापली स्लाइस मागितली, त्यांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या, तर पिनकोड किती वेळा फाडायचे?

सगळ्यात वाईट भाग चालू कामाचा आहे. स्लाइसवर सेशन सुरू आहे, ट्रक पुढच्या सेलकडे सरकला आणि त्या सेलला ही स्लाइसच माहीत नाही. हँडओव्हर होतो, पण नवा सेल त्या सेशनला नकार देतो. फोनवर रेंज पूर्ण दिसते, बाकी सगळं चालतं, फक्त ज्याचे पैसे मोजले तेच बंद. तक्रार आली की नेटवर्कवाले म्हणणार 'सिग्नल तर आहे', ग्राहक म्हणणार 'सेवा नाही', आणि दोघंही खरंच बोलत असणार.

रिलीज १८ ने काय बदललं

या दुखण्यावर २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या रिलीज १८ मध्ये काही उपाय आले. त्यातले दोन आपल्या विषयाचे.

पहिला 'अंशतः मंजुरी'चा. आता नेटवर्क फोनला सांगू शकतं: तुझं नोंदणी क्षेत्र हे एवढं, त्यातल्या या ट्रॅकिंग एरियांत ही स्लाइस आहे, त्या एरियांत नाही. ट्रक बाहेर पडला तरी पुन्हा नोंदणी नको. सेशनही मोडत नाही. फक्त त्याचा डेटा वाहून नेणारा मार्ग तात्पुरता बंद होतो. आयपी पत्ता तोच राहतो, परत आत आलं की मार्ग उघडायचा. दुकान मोडून नव्याने थाटण्यापेक्षा शटर खाली-वर करणं केव्हाही सोपं.

दुसरा उपाय आणखी खोल जातो: स्लाइसची हद्द ट्रॅकिंग एरियाशी जुळायलाच हवी ही अट सैल झाली. फोनला थेट सेलची यादी देता येते: एरिया ६० सेलचा असेल, पण ही स्लाइस यांपैकी या ९ सेलमध्येच. बाकी ५१ सेलमध्ये स्लाइसचा हिस्सा शून्य ठेवायचा. फोनला यादी माहीत असल्याने तो बाहेर असताना उगाच मागणी करत नाही. आणि फोन जुना असेल, त्याला ही यादी वाचताच येत नसेल तर? मग नेटवर्कनेच लक्ष ठेवायचं. 'हे उपकरण या क्षेत्राबाहेर गेलं की मला कळव' अशी सूचना कोअर नेटवर्कमध्ये लावून ठेवायची आणि कळताच मार्ग बंद करायचा.

दोन्हींत फरक काय, तर हद्दीची माहिती कुणाकडे आहे हा. फोनकडे असेल तर निर्णय जागच्या जागी, पण यादी बदलली की हजारो फोनना कळवा. नेटवर्ककडे असेल तर यादी एकाच जागी, पण प्रत्येक ये-जा त्याला कळत राहिली पाहिजे. फुकट काहीच नाही. ओझं कुणाच्या खांद्यावर ठेवायचं एवढं निवडता येतं.

पण सेलची हद्द सातबाऱ्यावर नसते

इथवर वाचून वाटेल, प्रश्न सुटला. नकाशा घ्या, लाल रेघ बघा, आतले सेल यादीत टाका. संशोधनाचा खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

करारातली रेघ जमिनीवर आहे. सेलची हद्द हवेत आहे आणि ती हलते. यार्डात कंटेनरची पाच थरांची भिंत रचली की मागच्या बाजूचा सिग्नल बदलतो. ती भिंत उद्या उचलली की पुन्हा बदलतो. पाण्यावरून सिग्नल लांबवर जातो, त्यामुळे खाडीतल्या होडीतला फोनही यार्डाचा सेल पकडू शकतो. शिवाय फोन शेजारचा सेल जरासा चांगला दिसला म्हणून लगेच उडी मारत नाही; तो ठराविक फरकाने आणि ठराविक वेळ चांगला दिसला तरच हँडओव्हर होतो. नाहीतर दोन सेलमध्ये झोके घेत बसेल. म्हणजे एकाच जागी उभे असलेले दोन ट्रक, एक आतून आलेला आणि एक बाहेरून आलेला, काही क्षण वेगवेगळ्या सेलवर असू शकतात. एकाला स्लाइस, एकाला नाही.

त्यामुळे चुका दोन प्रकारच्या होतात. रेघेच्या आत असूनही सेवा नाही, ही पहिली. रेघेच्या बाहेर असूनही हिस्सा अडवलेला, ही दुसरी. यादीत सेल वाढवले की पहिली चूक कमी होते, दुसरी वाढते. कमी केले की उलट. दोन्ही एकदम शून्य होत नाहीत. मग प्रश्न असा मांडावा लागतो: रेघेच्या आतल्या प्रत्येक ठिकाणी सेवा मिळण्याची शक्यता अमुक इतकी तरी हवी, आणि ती अट पाळून एकूण राखीव हिस्सा कमीत कमी कसा ठेवायचा? यात 'आत' आणि 'बाहेर' हे होय-नाही न राहता शक्यतेचे आकडे होतात.

एक व्यवहारी रचना अशी सुचते. गाभ्यातल्या सेलमध्ये समर्पित हिस्सा. त्याभोवती सेलचं एक कडं, तिथे फक्त किमान हमी: उपकरण आलं तर हिस्सा, नाहीतर आसपासच्या लोकांनी वापरा. कड्याबाहेर शून्य. शेताच्या बांधासारखं हे कडं. बांधावर पीक घेत नाहीत, पण बांध नसेल तर भांडणं ठरलेली.

आणि जी सेवा तुटली तर माणसाला इजा होऊ शकते, तिला 'हद्द जवळ आली' हे हद्द येण्याआधी कळलं पाहिजे. क्रेन जागेवरची असते म्हणून तिचं निभतं. यार्डात विनाचालक वाहन फिरत असेल तर स्लाइस संपायच्या आधी त्याने वेग कमी करून थांबणं भाग आहे. म्हणजे ही माहिती नेटवर्कच्या पोटात ठेवून चालत नाही, ती वाहनाच्या प्रणालीपर्यंत पोचावी लागते.

हद्दच चालायला लागली तर?

आता दुसरं टोक. समजा, आषाढी वारीत पालखी सोहळ्यासोबत चालणाऱ्या आरोग्य पथकांना, पोलिसांना आणि पाण्याच्या टँकरना एक स्लाइस द्यायची आहे. इथे सेवाक्षेत्र रोज पुढे सरकतं. आज पुण्यात, मग दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी. पूर्ण मार्गावरच्या सगळ्या सेलमध्ये पूर्ण काळ हिस्सा अडवणं म्हणजे पालखी फलटणला असताना सासवडच्या लोकांचं नेटवर्क विनाकारण आखूड करणं.

सुदैवाने वारीचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं. रिलीज १८ मध्ये स्लाइसला ठराविक मुदत देण्याची सोय आहे. फोनमधल्या कोणतं ॲप कोणत्या स्लाइसवर जाईल हे सांगणाऱ्या नियमांतही ठिकाण आणि वेळ या अटी घालता येतात. म्हणजे 'कुठे' आणि 'कधी' दोन्ही कागदावर मांडता येतं. पण दोन खाचखळगे आहेत. एक, यादी बदलायच्या क्षणी सगळ्या उपकरणांना एकदम कळवायला गेलात तर ज्या गर्दीतून वाट काढायची होती, तीच निरोपांची गर्दी तुम्ही तयार केलीत. म्हणून नवी यादी आदल्या रात्री, टप्प्याटप्प्याने, जुनी चालू असतानाच पोचवायची. दोन, रिलीज १७ पासून एका स्लाइसवर किती उपकरणं असावीत याची मर्यादा घालता येते, पण ती मर्यादा स्लाइसची असते, एकेका सेलची नाही. मार्गावर विखुरलेली दोन हजार उपकरणं ठीक. तीच सगळी वाखरीच्या तळावर जमली की मर्यादा पाळूनही सेल भरून जाईल. ठिकाणाचा हिशेब पुन्हा वेगळा करावाच लागतो.

हे सगळं कुणासाठी?

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. स्लाइसिंगला अँटेना ५जीची असून भागत नाही, मागचं कोअर नेटवर्कही ५जीचंच लागतं. जिओने सुरुवातच तशी केली; एअरटेलने आधी ४जीच्या कोअरवर ५जी चालवलं. त्यामुळे वर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडे अजून यायच्या आहेत. पण त्याआधी नीट विचार व्हावा असं एक कारण आहे.

२०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली, त्यात 'विशेष सेवां'ना सवलत ठेवली. स्लाइस त्या सवलतीत कितपत बसते यावर चर्चा होत राहील. त्या चर्चेत बहुतेक वेळा 'कुणाला प्राधान्य' हाच मुद्दा असतो. माझं म्हणणं एवढंच की 'किती जागेत प्राधान्य' हाही तितकाच न्यायाचा मुद्दा आहे. लहरी सार्वजनिक मालकीच्या आहेत. क्रेनला तिच्या यार्डात २० टक्के देणं समजू शकतं. ढिसाळ हद्दीमुळे तेच २० टक्के बाजारातल्या माणसाकडून, त्याला न सांगता, काढून घेणं समजू शकत नाही. आणि त्याला ते कधी कळणारही नाही. तो फक्त म्हणेल, 'आज नेटवर्क स्लो आहे.'

म्हणून यापुढे स्लाइसिंगची जाहिरात किंवा बातमी वाचाल तेव्हा वेगाचा आकडा बघाच, पण सोबत तीन प्रश्न विचारा. हद्द कुठे आहे? ती कुणाला माहीत आहे: फोनला, टॉवरला की फक्त कराराच्या कागदाला? आणि ती ओलांडताना चालू कामाचं काय होतं? उत्तर मिळालं नाही, तर ती स्लाइस नकाशावरच आहे असं समजा.

पुढच्या लेखात सेलची यादी निवडण्याचं ते गणित एका छोट्या, नऊ सेलच्या उदाहरणावर हाताने सोडवून बघू. कागद-पेन पुरेल. काही अडलं तर खाली विचारा.